बर्फ का वितळतो : हवेच्या दाबाला उगाच दोष नको

उन्हाळा लागला, लग्नसराई सुरू झाली, की बर्फाबद्दलचे ठरावीक प्रश्न पुन्हा निघतात. महाबळेश्वरला नेलेला बर्फ तिथल्या विरळ हवेमुळे लवकर वितळेल का? लाद्या एकावर एक रचल्या तर वरच्या वजनाने खालची लादी पाणी होते, हे खरे का? वादळी हवेत दाब उतरतो, त्याचा शीतपेटीवर काही परिणाम होतो का? पाण्याचा उत्कलनबिंदू उंचीवर घसरतो हे आपण शाळेत शिकलेलो असतो. डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो, कुकरमध्ये दाब वाढला की ती पटकन शिजते, हेही घरोघरी ठाऊक असते. म्हणून जे उकळण्याचे तेच वितळण्याचे, असे वाटणे साहजिक आहे. मात्र हा तर्क चुकीचा आहे आणि त्यापायी लोक नको त्या गोष्टीची काळजी करतात, हवी ती करत नाहीत. तुमचा बर्फ किती टिकेल हे त्याच्यापर्यंत किती उष्णता पोहोचते यावर ठरते. हवेच्या दाबाचा त्यातला वाटा इतका किरकोळ आहे, की बर्फाची मागणी नोंदवताना तो सरळ शून्य धरावा.

दाबाचा हिशेब एकदाच करा आणि विसरा

दाब वाढला की बर्फाचा वितळणबिंदू खाली जातो, हे खरे आहे. जेम्स थॉमसन यांनी 1849 मध्ये हे गणिताने मांडले आणि त्यांचे बंधू विल्यम, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी लगेचच प्रयोगाने पडताळले. प्रश्न आहे तो किती खाली जातो याचा. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, तेवढा आणखी एक दाब बर्फावर टाकला, तर वितळणबिंदू अंशाच्या शंभराव्या भागानेही उतरत नाही. उतरतो तो सुमारे 0.0074 अंशाने. पुरता एक अंश उतरवायचा तर 130 हून अधिक वातावरणांचा दाब लागेल. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण 1,350 मीटर उंच आहे आणि तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे वितळणबिंदूत पडणारा फरक अंशाच्या हजाराव्या भागाएवढा, आणि तोही उलट्या दिशेने. दाब कमी झाल्याने वितळणबिंदू केसभर वर सरकतो, म्हणजे काही झालाच तर बर्फाचा फायदाच होतो. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास उतरतो. तिथेही फरक अंशाच्या तीन हजारांशाइतकाच. वादळात हवेचा दाब याहून कितीतरी कमी बदलतो, तेव्हा त्या शंकेचे उत्तर देण्याचीही गरज उरत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. बर्फाच्या लादीवर बारीक तार ठेवून तिच्या दोन्ही टोकांना वजने बांधली, की तार लादी कापत खाली जाते आणि वरचा बर्फ पुन्हा जुळतो, हा प्रयोग पुस्तकात असतो ना? असतो, आणि तो खराही आहे. पण तिथे दहा किलोचे वजन जेमतेम एका चौरस सेंटिमीटरवर एकवटलेले असते, म्हणजे दाब दहा वातावरणांचा होतो. एवढा दाब देऊनही वितळणबिंदू उतरतो 0.07 अंश, आणि धातूच्या तारेतून बाहेरची उष्णता आत येत राहते तिचा हातभार वेगळाच. लाद्यांच्या थप्पीत असे काही घडत नाही. माणसाच्या उंचीएवढी थप्पी रचली तरी तळच्या लादीवर पडणारा दाब एका वातावरणाच्या सातव्या भागाइतका, म्हणजे मुंबईहून महाबळेश्वरला चढताना जेवढा दाब कमी होतो जवळपास तेवढाच. तळची लादी आधी संपते हे निरीक्षण मात्र बरोबर आहे. तिला फरशीची उष्णता थेट मिळते आणि वरून गळणारे पाणी तिच्याभोवती साचते, ते त्याचे कारण. लाकडी फळ्या टाकून थप्पी जमिनीपासून चार बोटे वर उचलली आणि पाण्याला वाट करून दिली, की ही तक्रार बरीचशी मिटते.

थंड हवेच्या ठिकाणी बर्फ जास्त टिकतो हेही खरे, पण ते तापमानामुळे. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते. पायथ्याशी 34 अंश असेल तर महाबळेश्वरला 25 च्या आसपास. हा नऊ अंशांचा फरक पुढच्या सगळ्या हिशेबात मोलाचा आहे.

तापमान : शून्यापासून किती दूर, एवढेच बघा

वितळत असलेला बर्फ शून्य अंशावर असतो आणि शेवटचा खडा संपेपर्यंत तो तिथून हलत नाही. त्यामुळे पेटीच्या भिंतींतून किती उष्णता आत येईल हे बाहेरचे तापमान शून्याच्या किती वर आहे यावर ठरते. बाहेर 20 अंश असताना जेवढा बर्फ एका दिवसात जातो, त्याच्या दुप्पट 40 अंशांना जातो. एक किलो बर्फ वितळवायला सुमारे 334 किलोज्यूल उष्णता लागते. हा आकडा मोठा आहे आणि बर्फाचे सगळे सामर्थ्य त्यात आहे. म्हणूनच ‘फ्रीझरमधला उणे 18 चा कडक बर्फ कारखान्यातल्या ओलसर बर्फापेक्षा किती तरी जास्त टिकतो’ ही समजूत अर्धवट आहे. उणे 18 पासून शून्यापर्यंत येताना तो किलोमागे जेमतेम 38 किलोज्यूल शोषतो, म्हणजे फायदा साधारण 11 टक्क्यांचा. तेवढ्यासाठी दीडपट भाव मोजावा का, हे तुम्हीच ठरवा.

मागणी नोंदवण्यापूर्वी पुढचा हिशेब कागदावर करा. दोन खाती वेगळी ठेवायची : माल थंड करण्याचा खर्च आणि गळतीचा खर्च.

- पाणी, सरबत, शीतपेये : 30 अंशांवरचे एक लिटर 5 अंशांपर्यंत आणायला सुमारे 300 ग्रॅम बर्फ खर्ची पडतो. एक लिटरच्या 24 बाटल्यांना सात-साडेसात किलो. त्याच बाटल्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवल्या असतील तर हा खर्च वाचला.
- मासळी : 30 अंशांवरची एक किलो मासळी शून्यावर आणायला तिच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश बर्फ लागतो. आपल्या हवेत मासळीइतकाच बर्फ घ्यावा असे जे सांगतात, त्यातला उरलेला दोन तृतीयांश वाटेतल्या गळतीसाठी असतो. तो वाचवायला जाऊ नका.
- गळती : सर्व बाजूंनी 40 सेंटिमीटरची, अडीच सेंटिमीटर जाड थर्माकोलची पेटी घ्या. बाहेर 32 अंश असताना तिच्या भिंतींतून दिवसाला सुमारे 11-12 किलो बर्फ जातो. थर्माकोलची जाडी दुप्पट केली की हा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो.

शेवटच्या ओळीतला आकडा लोकांना खोटा वाटतो, कारण पेटी बंद असली की आत काही घडत नाही असे मनाने धरलेले असते. पण सकाळी भरलेली पेटी संध्याकाळी उघडून वजन करा. पातळ पेटीत वाया गेलेल्या बर्फाची किंमत दोन-चार कार्यक्रमांत जाड पेटीच्या किमतीएवढी होते, तरीही खरेदी करताना आपण घासाघीस करतो ती बर्फाच्या दरावर.

जाड आवरणाची ताकद किती असते याचा दाखला इतिहासात आहे. 1833 मध्ये बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज 180 टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालत सुमारे चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचले. वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडूनही जवळपास 100 टन बर्फ शिल्लक होता. पुढच्या वर्षी असाच अमेरिकी बर्फ मुंबईतही उतरला. त्या जहाजावर शीतयंत्र नव्हते. होती ती घट्ट रचाई आणि भोवती सुक्या आवरणाचा जाड थर. एवढा मोठा ढीग एकत्र असल्यामुळे वजनाच्या मानाने त्याचा उघडा पृष्ठभागही कमी होता.

दमट हवा : ज्याची मोजदाद कोणी करत नाही

उघड्यावर ठेवलेल्या बर्फाबाबत तापमापकावर भरवसा ठेवून फसगत होते, ती आर्द्रतेमुळे. गार पेल्याच्या बाहेरून जसे थेंब जमतात, तसे हवेतले बाष्प बर्फावरही जमते. हे निरुपद्रवी वाटते, पण बाष्पाचे पाणी होताना ते आपली उष्णता बर्फाला देऊन टाकते. एक ग्रॅम बाष्प बर्फावर जमले, की जवळपास साडेसात ग्रॅम बर्फ वितळतो.

आता दोन ठिकाणांची तुलना करा. मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता. नागपुरात मे महिन्यात 40 अंश आणि 15 टक्के आर्द्रता. बर्फ कुठे आधी संपेल? बहुतेक जण नागपूर म्हणतील. दोन्हीकडे लादी उघडी, सावलीत आणि सारख्याच वाऱ्यात असेल, तर हवेकडून मिळणारी उष्णता मुंबईत सुमारे दीडपट भरते. कारण तिथे तापमानातल्या फरकाइतकाच, किंबहुना अधिकच, वाटा बाष्पाचा असतो. नागपूरच्या कोरड्या हवेत तो अगदी थोडा असतो. हवा आणखी कोरडी झाली तर उलट बर्फावरच्या पाण्याचे बाष्पीभवन होऊ लागते आणि बर्फाला थोडा आधार मिळतो. लादीवर थेट ऊन पडले तर मात्र ही तुलना बाद होते. भर दुपारच्या उन्हाची उष्णता हवेच्या उष्णतेला सहज मागे टाकते, म्हणून सावली ही दोन्ही ठिकाणी पहिली अट.

‘मग बंद पेटीतही मुंबईत जास्त बर्फ जाईल का?’ नाही. बंद पेटीत बाहेरचे बाष्प पोहोचतच नाही. तिथे फक्त तापमान आणि भिंतीची जाडी यांचा हिशेब चालतो, आणि त्यात नागपूरची 40 अंशांची हवा मुंबईला भारी पडते. म्हणजे कोकणपट्टीत बर्फ उघडा न ठेवणे सर्वांत महत्त्वाचे, तर विदर्भ-मराठवाड्यात पेटीची जाडी आणि सावली. एकच सल्ला सगळ्या महाराष्ट्राला लागू पडत नाही तो यामुळे.

गोणपाटाबद्दलचा वादही इथेच सुटतो. ते ओले असावे की कोरडे? कोरड्या हवेत भुश्याच्या थराबाहेर किंवा पेटीवर ओले गोणपाट टाकल्याने फायदा होतो. त्यातले पाणी उडताना पेटीचा बाहेरचा भाग थंड राहतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर नागपुरात चालतो तो याच तत्त्वावर. किनाऱ्यावर पाणी उडतच नाही. तिथे ओले गोणपाट नुसतेच भिजलेले राहते आणि भिजलेले कापड कोरड्यापेक्षा उष्णता लवकर आत नेते. बर्फाला लागून असलेला भुसा मात्र दोन्हीकडे सुका हवा. ओला गोळा झालेला भुसा बदला, त्याने काही राखले जात नाही.

बर्फ राखायचा तर

1. लादी शक्य तितकी अखंड ठेवा आणि लागेल तशी फोडा. 50 किलोची लादी पाच सेंटिमीटरच्या तुकड्यांत फोडली, की उघडा पृष्ठभाग सात पटींहून अधिक वाढतो. ढिगातले आतले तुकडे एकमेकांना झाकतात हे खरे, तरी उघड्या टेबलावर हा फरक लगेच दिसतो.
2. मंगल कार्यालयात सरबताच्या टेबलावरचा पंखा वळवून ठेवा. पंख्याने बर्फाभोवतीची गार हवा हटते आणि गरम, दमट हवा तिथे येत राहते. पाहुण्यांना वारा हवा असतो, बर्फाला नको असतो.
3. पेटी वरून उघडणारी घ्या. गार हवा जड असते, ती तळाशी बसून राहते. बाजूने उघडणाऱ्या कपाटातून ती दर वेळी वाहून जाते.
4. पेटीत रिकामी जागा ठेवू नका. बर्फ संपत आला की वर्तमानपत्राच्या घड्या किंवा थर्माकोलचे तुकडे भरा.
5. पिण्याच्या बाटल्यांच्या पेटीतले वितळलेले पाणी लगेच ओतून देऊ नका. ते शून्याच्या जवळ असते आणि बाटल्यांना सर्व बाजूंनी गार ठेवते. मासळीच्या पेटीत मात्र पाणी काढलेच पाहिजे. त्यात रक्त आणि घाण उतरते; तिथे बर्फापेक्षा मासळी महत्त्वाची.

इथे चूक महागात पडते

मीठ टाकल्याने बर्फ जास्त गार होतो, म्हणून तो जास्त टिकतो, असा एक समज आहे. पहिले विधान बरोबर, दुसरे चूक. मीठ मिसळलेला बर्फ उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतो, पण वितळत वितळतच उतरतो. खड्याचे मीठ कुल्फीच्या मटक्यात किंवा हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्यात टाका, जिथे थोड्या वेळात खूप गारवा हवा असतो. प्रवासाच्या पेटीत टाकलेत तर बर्फ निम्म्या वाटेतच संपेल आणि फळे-भाज्या गोठून काळ्या पडतील त्या वेगळ्याच.

इन्सुलिन प्रवासात नेताना हाच मुद्दा आरोग्याचा होतो. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते आणि एकदा गोठले की ते वापरायचे नसते. फ्रीझरमधून नुकताच काढलेला आइस पॅक शून्याच्या बराच खाली असतो. तो कुपीला चिकटवून ठेवणे म्हणजे औषध फुकट घालवणे. पॅक बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबा. मग तो कापडात गुंडाळा आणि कुपी त्याला थेट टेकणार नाही अशी ठेवा. लसींच्या शीतपेटीतही आइस पॅक असेच थोडे वितळू देऊन भरतात.

दाबाची खरी धास्ती घ्यायची ती ड्राय आइसच्या बाबतीत. हे गोठवलेल्या पाण्याचे नव्हे, तर उणे 78 अंशांवरच्या घन कार्बन डायऑक्साइडचे तुकडे असतात. ते वितळून पाणी होत नाहीत, थेट वायू होतात; एका किलोपासून पाचशे लिटरहून जास्त. हवाबंद डब्यात ते ठेवले तर दाब वाढून डबा फुटतो. बंद मोटारीत किंवा लहान खोलीत ठेवले तर श्वास कोंडतो. हातात घेतले तर कातडी भाजल्यासारखी होते. 2024 च्या मार्चमध्ये गुरुग्राममधल्या एका उपाहारगृहात मुखशुद्धी म्हणून ड्राय आइस खाल्ल्याने ग्राहकांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. केकच्या किंवा आइस्क्रीमच्या खोक्यात ते आलेच, तर झाकण सैल ठेवा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

तापमापक तपासायचा असेल तर

दाबाचा परिणाम नगण्य असण्याचा एक फायदा आपल्याला मिळतो. स्वयंपाकघरातला किंवा शीतपेटीतला तापमापक बरोबर आहे का, हे उकळत्या पाण्यात तपासायचे तर गावाची उंची विचारात घ्यावी लागते. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. बर्फात तपासताना ही भानगड नाही. पेल्यात बारीक चुरा गच्च भरा, त्याच्या फटी भरतील इतकेच स्वच्छ पाणी घाला, ढवळा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि तापमापकाचे टोक काचेला न टेकवता मधोमध धरा. शून्य दिसले पाहिजे, मग तुम्ही मालवणात असा, महाबळेश्वरी असा की लेहला. एक अंशाहून जास्त फरक दिसला तर दोष तापमापकाचा.

ग्राहक म्हणून तुमचे हक्क

बर्फाच्या व्यवहारात वजनाचे भांडण ठरलेले असते, कारण माल वाटेतच कमी होतो. कारखान्यातून निघाल्याचे वजन ग्राह्य धरायचे की दारात पोहोचल्याचे, हे आधी ठरवून बिलावर लिहून घ्या. दारातले वजन ठरले असेल तर पाणी निथळू देऊन वजन करायला सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पिशवीबंद बर्फ घेताना त्यावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक छापलेला आहे का ते बघा.

पोटात जाणारा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असला पाहिजे. नुसता माल थंड ठेवण्यासाठी तयार केलेला बर्फ वेगळा ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात 2018 पासून त्यात निळा रंग मिसळणे बंधनकारक केले आहे. गोळ्याच्या गाडीवर, उसाच्या रसात किंवा लग्नातल्या सरबतात निळसर बर्फ दिसला, तर तो पिऊ नका. मात्र बर्फ पांढरा आहे एवढ्यावरून तो खाण्याचाच आहे असेही मानू नका. कोणत्या कारखान्याचा, हे विचारा आणि बिल दाखवायला सांगा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा. वजनात किंवा बिलात फसवणूक झाली असेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून ती नोंदवता येते.